खिळ्यांच्या दुकानाला एक कंप्लेंट हवी होती

खिळ्यांच्या दुकानात संध्याकाळी नुसता केर काढून भागत नाही, चुंबक फिरवावं लागतं. दोरीला बांधलेलं चुंबक जमिनीवरून ओढत नेलं की दिवसभरात हातातून निसटलेलं सगळं त्याला लटकून वर येतं. अर्धा इंची, दोन इंची, वाकडे, गंजके, बिनडोक्याचे. किश्श्यांचंही तसंच. मी मुद्दाम एकही गोळा केलेला नाही. बोलायला लागले की आपोआप लटकून येतात, आणि त्यात बिनडोक्याचेच जास्त निघतात, त्याला मी काय करू?

आमचं दुकान चिकपेटेत. डाव्या हाताला साड्या, उजव्या हाताला साड्या, मधे आम्ही. रेशमात अडकलेला खिळाच म्हणा. दुकान दोघा भावांचं, म्हणजे आमचे हे आणि माझे थोरले दीर, ज्यांना अख्खी पेठ अण्णा म्हणायची. मी चामराजपेटेतल्या घरात स्वयंपाक करणार, हे काउंटरवर बसणार, अण्णा मागच्या गादीवर बसून हुकूम सोडणार, अशी वाटणी होती. मग ह्यांची पाठ धरली. डॉक्टरांनी सांगितलं, गादी नको, नुसत्या फळीवर निजा, उठायचं नाही. जन्मभर फळ्यांसाठी खिळे विकले आणि शेवटी स्वतःच फळीला खिळले.

दुसऱ्या दिवशी मी पदर खोचला आणि दुकानात जाऊन बसले.

आता आमच्या घराण्यात थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नसे. तीनशे वर्षं बंगळुरात राहून आम्ही बोलण्यात अर्धी कन्नड घेतली, पण ही रीत काही सोडली नव्हती. त्यामुळे अण्णा दुकानात आले, मला पाहिलं, आणि काउंटरवरच्या तराजूकडे तोंड करून म्हणाले, "तराजूला म्हणावं, बायकांनी खिळे विकणं बरं दिसत नाही."

मीही तराजूकडेच बघून म्हटलं, "अण्णांना म्हणावं, खिळा कोणी विकला ते फळीला कळत नाही."

मग अण्णांनी तराजूला अट सांगितली. दसऱ्यापर्यंत बसा. पण एक जरी गिऱ्हाईक खिळा हातात घेऊन कंप्लेंट करत परत आलं, तर त्याच दिवशी दुकान उजवीकडच्या साडीवाल्या शेटजींना भाड्याने. शेटजी तर टपूनच होते. रोज सकाळी "कशा आहात अक्का?" विचारायचे, आणि विचारता विचारता डोळ्यांनी आमची भिंत मोजायचे.

दसरा आला, कंप्लेंट आली नाही. अण्णा म्हणाले, "पुढच्या दसऱ्यापर्यंत." असे किती दसरे गेले! हे पुढे काठी घेऊन घरातल्या घरात चालायला लागले, पण काउंटरवर काही परत बसले नाहीत. आणि खरं सांगते, दुकान घर चालवण्यासाठी हवं होतंच, पण त्याहून जास्त ते मला आवडायला लागलं होतं. चुलीपुढे कोणी मला विचारायला येत नव्हतं, "अक्का, तुम्ही म्हणाल तसं."

* * *

मला कोणी शिकवलं नाही. शाळा तिसरीपर्यंत, तीही मराठी. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी वखारीतून आणलेले लाकडाचे तुकडे पुढ्यात घ्यायचे आणि एकेक खिळा ठोकून बघायचे. सागवानात कोणता सरळ जातो, आंब्याची फळी कुठे फुटते, बाभळीत कोणता वाकतो. फळीच्या कडेला खिळा मारायचा असेल तर आधी त्याच्या टोकावर हातोडीची एक टिचकी द्यायची. टोक बोथट झालं की फळी चिरत नाही. हे मला कोणा सुताराने नाही, माझ्या फुटलेल्या सतरा फळ्यांनी शिकवलं.

आणि मग मी नियमच केला, लाकूड कोणतं ते सांगितल्याशिवाय खिळा मिळणार नाही.

नियमाच्या पहिल्याच आठवड्यात एक कॉन्ट्रॅक्टर आला. कोट, टोपी, हातात छत्री. "अर्धा शेर खिळे द्या."

"कोणत्या लाकडाला?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"जाडी किती? आत राहणार की पावसात? वर कोणी बसणार की नुसतं टांगायचं?"

कॉन्ट्रॅक्टर तापला. "अक्का, मी खिळे घ्यायला आलोय की मुलगी बघायला?"

मी म्हटलं, "तसंच आहे ते. एकाने दुसऱ्याच्या घरात शिरायचं आणि घर फुटू द्यायचं नाही. चौकशी नको?"

मागे गादीवर अण्णांना ठसका लागला. हसू होतं की तंबाखू, ते त्यांनी तराजूला कधी सांगितलं नाही. कॉन्ट्रॅक्टरने मात्र मुकाट्याने लाकूड सांगितलं, जाडी सांगितली, आणि जाता जाता म्हणाला, "माझा भाचा लग्नाचा आहे, त्याचंही बघा जरा."

त्या दिवसापासून पेठेत माझं नाव पडलं मोळे अक्का. कन्नडमध्ये मोळे म्हणजे खिळा. सासरचं नाव, माहेरचं नाव, सगळं गेलं. माझी काही तक्रार नाही.

* * *

शनिवारी लोखंड घेऊ नये, हे इथे लहान पोरालाही ठाऊक. शनिवारी आमचं दुकान म्हणजे ओसाड देऊळ. आणि हा नियम लोकांना सर्वात जोरात सांगणारे होते आमच्याच गल्लीतले जोशीबुवा, पत्रिका बघणारे. शनिवारी कोणी दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला तरी ते रस्त्यावरून "अय्यो, आज नको" म्हणून ओरडायचे.

एका शुक्रवारी वादळ झालं आणि नेमके जोशीबुवांच्याच न्हाणीघरावरचे पत्रे उडाले. शनिवारी सकाळी आभाळ पुन्हा भरून आलं. बुवा आमच्या पायरीखाली येऊन उभे. पाय वर ठेवेनात, परतही जाईनात.

"काय बुवा?"

"काही नाही. सहज."

"पत्रे उडाले म्हणे."

"उडाले." मग हळूच, "अक्का, लोखंडाशिवाय खिळा असतो का हो?"

"पितळेचा असतो. पण पत्र्याला पितळ मारलंत तर पुढच्या वादळात खिळ्यासकट उडेल."

वरून पहिला थेंब पडला. बुवांचं तोंड बघवेना. मी जस्त चढवलेला खिळा काढला, पांढरा, चकचकीत. पत्र्याला तोच लागतो, पावसात गंजत नाही. त्यांच्यापुढे धरून म्हटलं, "हा घ्या. वरून जस्त आहे."

"आणि आत?"

"आतलं शनीला दिसत नाही."

बुवांनी डोळे मिटले, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "सरी, ठीक आहे. शास्त्राला धरून आहे." पुढच्या शनिवारपासून गल्लीला नवा नियम मिळाला: शनिवारी जस्ताचा खिळा चालतो. बुवांनीच सांगितला. मला फक्त पांढरे खिळे जास्त मागवावे लागले.

* * *

कंटोनमेंटच्या बाजूने एक वयस्क सुतार यायचे. काळा सूट, अगदी हळू बोलणं. ते शवपेट्या करायचे. पहिल्यांदा आले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. मी आपली नेहमीची चौकशी सुरू केली. लाकूड कोणतं? आंबा. आत की बाहेर? त्यांनी जरा विचार करून सांगितलं, "खाली." ओल लागणार? लागणार. किती वर्षं टिकायला हवं?

ते म्हणाले, "अक्का, टिकण्याचं मी सांगू शकत नाही. पण आजवर एकही गिऱ्हाईक कंप्लेंट घेऊन परत आलेलं नाही."

मी तराजूला म्हटलं, "अण्णांना म्हणावं, गिऱ्हाईक असावं तर असं."

* * *

चामराजपेटेतल्या आमच्या मराठी मंडळाचं गणपतीत नाटक असायचं. एका वर्षी ऐतिहासिक. त्यात नायक तुरुंगाचं दार लाथेने मोडून नायिकेला सोडवतो, असा प्रवेश. मंडळाचे सेक्रेटरी माझ्याकडे आले. "अक्का, दिसायला भक्कम हवं, पण एका लाथेत उघडलं पाहिजे."

मी त्यांना बारीक, बिनडोक्याच्या खिळ्या दिल्या, चौकटीला पातळ पट्टी बसवायला सुतार वापरतात त्या. सांगितलं, चारच मारा, अर्ध्याच आत जाऊ द्या. पोरानेही लाथ मारली तर उघडेल.

पण मंडळाचा रंगमंच उभारायचे ते आमच्याच नात्यातले बापूकाका. फार अभिमानी माणूस. त्यांनी माझ्या खिळ्या पाहिल्या आणि म्हणाले, "ही काय तुरुंगाची लक्षणं? माझ्या हातचं दार कोणाच्या लाथेने मोडलं, तर मी मिश्या उतरवीन." आणि कोणाला न सांगता त्यांनी दाराला वरून खालपर्यंत चार इंची खिळे ठोकले. राजवाड्याची भिंत मात्र कापडाची होती, तिला माझ्या बारीक खिळ्या वापरल्या. उरल्या होत्या ना!

प्रयोगाच्या दिवशी नायक गर्जना करत आला. लाथ मारली. दार जागचं हललं नाही. दुसरी लाथ. नायक लंगडायला लागला. तिसऱ्या लाथेला भिंत कोसळली, मागचा डोंगर कोसळला, डोंगरामागे चहा पीत बसलेले दोन मावळे आणि पुढच्या अंकातला मोगल उघडे पडले. दार तेवढं एकटं, ताठ उभं. आणि त्या दाराच्या मागून नायिका, म्हणजे मिशी काढलेला आमचा पोस्टातला कारकून, बाहेर डोकावून म्हणाली, "महाराज, बाजूने या."

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी दुकानात हजर, हातात भला मोठा खिळा. मागे अण्णा गादीवर एकदम ताठ बसले. त्यांनी उजवीकडच्या भिंतीवर दोनदा थापही मारली. शेटजींना ती खूण होती. शेटजी अर्ध्या मिनिटात दारात.

"अक्का," सेक्रेटरी म्हणाले, "तुमच्या खिळ्यांनी आमची अब्रू घेतली."

मी हात पुढे केला. "दाखवा."

त्यांनी दाखवला. मी म्हटलं, "हा माझा नाही. माझे कुठे होते?"

"ते भिंतीला होते."

"भिंत पडली?"

"पडली."

"लाथेसरशी?"

"हो."

"मग माझ्या खिळ्यांनी सांगितलेलं काम केलं. तुम्ही ते चुकीच्या ठिकाणी सांगितलंत."

सेक्रेटरी विचारात पडले. शेटजी आल्या पावली परत गेले. अण्णांनी तंबाखूची डबी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. बापूकाकांच्या मिश्या मात्र शाबूत राहिल्या. त्यांचं म्हणणं, दार शेवटपर्यंत मोडलं नाही!

* * *

बेळगावकडून आलेल्या एक काकू आमच्या मागच्या गल्लीत राहायच्या. त्यांनी सागवानी देव्हारा करून घेतला. मी सुताराला बजावलं होतं, रोज अभिषेकाचं पाणी पडणार, पितळी खिळे ने. तो म्हणाला, लोखंडाचे मजबूत. नेले.

महिन्याभरात देवाच्या दोन्ही बाजूंनी काळे ओघळ उतरले. सागवान ओलं झालं आणि त्यात लोखंड असलं की लाकूड काळं पडतं, यात नवल काही नाही. पण काकूंनी गल्लीत सांगितलं, देव रडतोय. दोन दिवसांत दारात रांग. नारळ, फुलं, उदबत्त्या. राजाजीनगराहून बायका बसने येऊ लागल्या. आमचे अण्णाही जाऊन आले, आणि येऊन तराजूला हात जोडून म्हणाले, "प्रत्यक्ष अश्रू."

मला धडकी भरली. उद्या कोणी शोध लावला की खिळे आमच्या दुकानचे, तर देवाला रडवल्याची कंप्लेंट यायची. मी पितळी खिळ्यांची पुडी घेऊन काकूंकडे गेले. त्यांना बाजूला घेऊन सगळं समजावलं. म्हटलं, सुताराला उद्या पाठवते, खिळे बदलू, डाग रंध्याने निघतील.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. बाहेरच्या रांगेकडे पाहिलं. मग पुडी माझ्या हातात परत ठेवली.

"मोळे अक्का, सून गेली पाच वर्षं माझ्याशी बोलत नव्हती. परवापासून माझ्या शेजारी बसून प्रसाद वाटते. देवाला स्वल्प रडू दे."

मी पुडी घेऊन परत आले. काही खिळे बदलायचे नसतात, हे मला तेव्हा कळलं.

* * *

आता शेवटचा, आणि माझ्या मते सगळ्यांत सरस.

अण्णांनी राजाजीनगरात नवं घर बांधलं. कंप्लेंट तर येईना, तेव्हा त्यांनी कंप्लेंटची वाट बघणंच सोडलं. एक दिवस तराजूला सांगितलं, "खिळ्यांचं काही खरं नाही, पुढचा जमाना कापडाचा. वास्तुशांतीच्या दिवशी शेटजींना बोलावलंय. चार माणसांसमोर विडा दिला की दुकान त्यांचं."

मी तराजू पुसून ठेवला. घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे फळीवर पडल्या पडल्या म्हणाले, "अण्णाने एकदा विडा दिला की तो शब्द फिरवत नाही." तेवढंच बोलले आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या रात्री मी जेवले नाही.

वास्तुशांतीच्या दिवशी मी पुऱ्या तळायला गेले. भावजयच ना मी. दिवाणखान्यात नवाकोरा बाक होता, अंगावर जमखाना घातलेला. माझी थोरली जाऊ कौतुकाने म्हणाली, "अण्णांनी स्वतःच्या हाताने केलाय. कोणा सुताराला हात लावू दिला नाही. खिळेसुद्धा स्वतः निवडून आणले."

"कुठून?" मी विचारलं. आमच्या दुकानातून अण्णांनी एकही खिळा नेलेला नव्हता. नेला असता तर मी तोलला असता.

जाऊबाई गडबडल्या. "ते... पलीकडच्या पेठेतून. तुझ्याकडे मागायचे म्हणजे तू विचारणार, लाकूड कोणतं, जाडी किती, वर कोण बसणार."

मी पिठाचे हात पुसले, बाकाजवळ गेले आणि खाली वाकून बघितलं. फळी पाऊण इंच, खालची पट्टी पाऊण इंच, आणि खालून मारलेल्या खिळ्यांची डोकी बघून सांगते, दोन इंची. हिशोब तुम्हीच करा. दोन्ही मिळून दीड इंच, वर अर्धा इंच लोखंड. अण्णांनी ती टोकं हातोडीने आडवी पाडली होती आणि जमखान्याखाली झाकली होती. पण आडवा पाडलेला खिळा वजन आलं की पुन्हा मान वर काढतो. फळी दबते, तो दबत नाही.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेटजी आत आले. देहाने भरभक्कम, अंगावर त्यांच्याच दुकानातलं उंची रेशमी धोतर, जरीचा काठ. अण्णांनी मोठ्या मानाने हात धरून त्यांना बाकाच्या मधोमध बसवलं. बाक कुरकुरला. मी दारात उभी होते. सांगायला हवं होतं का? पण आमच्या घराण्यात भावजय थोरल्या दिराशी बोलत नाही. आणि तिथे तराजू नव्हता.

जोशीबुवांनी मंत्र म्हटले. पेठेतली चार मोठी माणसं बसली. जाऊबाईंनी विड्याचं तबक आणलं. अण्णांनी तबक हातात घेतलं आणि माझ्याकडे एकदा, अगदी ओझरतं, बघितलं. मग म्हणाले, "शेटजी, या. घ्या."

शेटजी मानाने उठले.

धोतर उठलं नाही.

आधी चर्र असा लांबलचक आवाज झाला, अस्सल रेशीम फाटतं तसा. मग जरीचा काठ. शेटजी पुढे दोन पावलं आले होते, धोतराचा अर्धा भाग मागे बाकावर बसून होता, जमखान्यातून वर आलेल्या तीन टोकांना धरून. शेटजींनी मागे हात नेला, चाचपलं, आणि मट्‌कन खाली बसायला गेले. बुवांनी मंत्र सोडून त्यांना मधल्या मधे झेललं. जाऊबाईंनी देवापुढचं लाल वस्त्र ओढून त्यांच्याभोवती गुंडाळलं. आत स्वयंपाकघरात बायका पदर तोंडात कोंबून जमिनीवर बसल्या. एकीची पुरी कढईत काळी झाली.

कोणी हसलं नाही. म्हणजे, आवाज काढून हसलं नाही.

शेटजी त्या लाल वस्त्रात उभे राहिले. बाकाकडे बोट दाखवलं. चार माणसांसमोर, अख्ख्या घरासमोर त्यांनी खणखणीत आवाजात विचारलं, "अण्णा, हे खिळे तुमच्या दुकानचे का?"

एवढी वर्षं ज्या एका कंप्लेंटची वाट बघितली, ती आज खिळ्यासकट समोर उभी होती. अण्णांनी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. कोणी तपास करायला जाणार नव्हतं. मी दारात उभी होते, कोपरापर्यंत पीठ, आणि माझ्या तोंडातून एक शब्द निघत नव्हता. माझ्या!

अण्णांनी बाकाकडे बघितलं. हातातल्या तबकाकडे बघितलं. मान ताठ केली. भर पेठेत कोणी आपल्या मालाला नाव ठेवलं की करायचे तशी.

"शेटजी," ते म्हणाले, "आमच्या दुकानचे असते, तर तुम्ही अजून बसलेले असता."

आणि तबकातला विडा उचलून त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला.